आज्ज्याचं लोखंड

मागच्या चौदा एप्रिलला आमच्या वस्तीतल्या वाचनालयात पोरांनी प्रदर्शन मांडलं. बाबासाहेबांचे फोटो, जुनी हस्तपत्रकं, मोर्चाचे पिवळे पडलेले फोटो. "घरात जुनं काय असंल ते आणा," असं पोरांनीच वस्तीत सांगितलं होतं. म्हणून मी आज्ज्याचं लोखंड घेऊन गेलो. बैलगाडीच्या चाकाच्या धावेचा हातभर तुकडा. जरासा वाकवलेला, आतली कड घासून पातळ केलेली, दोन्ही टोकांना चिंध्या गुंडाळलेल्या. टेबलावर ठेवलं. एक पोरगं जवळ आलं. चांगलं शिकलेलं, भाषण करणारं पोरगं. विचारलं, हे काय? मी सांगितलं, कातड्याचं मांस खरडायचं लोखंड. ते म्हणालं, "काका, ही घाण बाबासाहेबांच्या फोटोपुढं नको. हे आपण सोडलंय ना?"

मी काही बोललो नाही. लोखंड पिशवीत घातलं आणि घरी आलो. पोरावर राग नव्हता. पण प्रश्न मात्र डोक्यात घुसला. आपण सोडलं, खरं आहे. पण नेमकं काय सोडलं? काम सोडलं, का कामाची सक्ती सोडली, का ते काम करणारा बाप-आज्जाच सोडून दिला? ह्याचं उत्तर द्यायचं तर ह्या लोखंडाचा इतिहास सांगावा लागतो. तो कोणी लिहून ठेवलेला नाही. जे लिहीत होते ते खरडत नव्हते, आणि जे खरडत होते त्यांना लिहू दिलं नाही.

मी ढोराचा. आज्जा कातडं कमवायचा. आपल्या मराठीत कातडं 'कमावतात' आणि पैसाही 'कमावतात'. आज्ज्यानं जन्मभर पहिलं केलं, दुसरं त्याच्या वाट्याला कधी आलं नाही.

आता काम काय ते ऐका. जनावर सोललं की कातड्याच्या आतल्या बाजूला मांसाचे तुकडे, चरबी आणि एक पातळ पडदा चिकटून राहतो. तो काढला नाही तर कातडं सडतं. चरबी राहिली तर मीठ आत शिरत नाही, सालीचं पाणी मुरत नाही. म्हणून कमावण्याच्या आधी खरडणं आलंच. मोठं कातडं, म्हशीचं-बैलाचं, चुन्याच्या कुंडात पडायचं. चुन्यानं केस सुटायचे, मग खरडायचं, आणि मग बाभळीची साल, हिरडा, तरवड. पण केसासकट ठेवायचं लहान कातडं, म्हणजे बोकडाचं, करडाचं, सशाचं, ह्याचा मार्ग वेगळा. त्याला चुना लावून चालत नाही, केस गळतील. तिथं मीठ, तुरटी आणि हात.

आणि ते लहान कातडं मोठ्यापेक्षा अवघड. मोठ्याला जाडी असते, चूक पोटात घालतं. लहान कातडं कागदासारखं. लोखंडाला धार जास्त झाली की भोक. दाब जास्त झाला की केसांची मुळं आतून कापली जातात. त्या वेळी दिसत नाही, पण आठ दिवसांनी वरून मूठभर केस हातात येतात. म्हणून लोखंड बोथट ठेवायचं. कापायचं नाही, ढकलायचं. मधून कडेला जायचं. पोटाशी आणि काखेत कातडं सगळ्यात पातळ, तिथं लोखंड बाजूला ठेवायचं आणि हाड घ्यायचं. आज्जीकडं म्हशीची बरगडी होती, घासून घासून गुळगुळीत झालेली. लहान कातडी आज्जीच करायची. आज्जा म्हणायचा, "माझा हात जड हाय, तिचा हात कातड्याला कळतो."

ह्यातलं एकही हत्यार बाजारात मिळत नव्हतं. धाव मोडक्या गाडीची. विळा मोडका, दाते दगडावर घासून काढलेला. बरगडी मेल्या म्हशीची. खापर फुटक्या रांजणाचं. खाली घ्यायला बाभळीचा गोल ओंडका, एक टोक जमिनीत, दुसरं पोटाला टेकवलेलं. जे गावानं फेकून दिलं त्यातून हत्यार बनवायचं आणि जे गावानं फेकून दिलं त्याच्यावरच चालवायचं. हे सगळं इंजिनिअरिंग होतं. फक्त त्याला कॉलेज नव्हतं.

आता हे काम किती जुनं? उत्तर आफ्रिकेत मोरोक्कोच्या किनाऱ्यावर कॉन्ट्रेबांदिए नावाची गुहा आहे. तिथं सापडलेल्या हाडांच्या हत्यारांचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. साठाहून जास्त हत्यारं, वय ९० हजार ते १ लाख २० हजार वर्षं. त्यातली काही जनावरांच्या रुंद बरगड्या फोडून, घासून, टोकाला चपटी केलेली. कातडं फाटू न देता आतली बाजू साफ करायला अशीच हत्यारं लागतात, असं अभ्यासकांचं म्हणणं. त्याच गुहेत खोकड, कोल्हा आणि रानमांजर ह्यांची हाडं मिळाली, आणि त्यांच्यावर कातडं सोलताना पडतात तशा सुरीच्या खुणा होत्या. म्हणजे लहान केसाळ जनावराचं कातडं आणि बरगडीचं हत्यार! वाचलं आणि मला आज्जीच आठवली. फ्रान्समध्येही ५० हजार वर्षांपूर्वीच्या निअँडर्थल माणसांनी हरणाच्या बरगडीची कातडं घोटायची हत्यारं केलेली मिळाली आहेत. ते २०१३ साली जाहीर झालं.

एक लाख वर्षं! तेव्हा वेद नव्हते, वर्ण नव्हते, गाव नव्हतं आणि गावकुसही नव्हतं. थंडीत माणूस जगला तो कोणीतरी बसून कातडं खरडलं म्हणून. माणसाचं पहिलं पांघरूण ज्या हातानं केलं त्या हाताला पुढं अस्पृश्य म्हणण्यात आलं. पण हत्याराच्या जन्मात विटाळ नव्हता. विटाळ मागाहून आला. कोणी आणला ते बघू.

ऋग्वेदात कातडं कमावणारे येतात, 'चर्मम्न' नावानं. तिथं त्यांना शिवी नाही. शतपथ ब्राह्मणात खुंट्या ठोकून कातडं ताणण्याची उपमा आहे. म्हणजे लिहिणाऱ्यानं ते काम जवळून बघितलेलं आहे. आमच्या अंगणातही तशाच खुंट्या होत्या. मग मनुस्मृती उघडा. दुसऱ्या अध्यायात, ४१व्या श्लोकात, ब्रह्मचाऱ्यांनी काळवीट, रुरू हरीण आणि बोकड ह्यांची कातडी पांघरावीत असा नियम. आणि चौथ्या अध्यायात, २१८व्या श्लोकात, चामडं कापणाऱ्याचं अन्न खाल्लं तर यश नष्ट होतं असा नियम. दहाव्या अध्यायात तर चामड्याचं काम एका हलक्या ठरवलेल्या जातीवर कायमचं लादून टाकलेलं. एकाच पुस्तकात कातडं पवित्र आणि कातडंवाला अपवित्र! मग मधलं काम कोणी केलं? काळविटाचं कातडं काय झाडाला लागतं? त्याचं मांस कोणी खरडलं, चरबी कोणी काढली, कोणाच्या नखात ती अडकली? मनू तिथं गप्प. ज्या ग्रंथाला माल पाहिजे पण माणूस नको, तो बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडला जाळला. आमच्या लोखंडाचा हिशोबही त्या आगीत होता असं मी मानतो.

आज्जा एक गोष्ट सांगायचा. त्याच्या तरुणपणी गावातल्या एका शास्त्रीबुवांना बसायला हरणाचं कातडं पाहिजे होतं. (तेव्हा १९७२ चा वन्यजीव कायदा नव्हता.) आज्जा-आज्जीनं पंधरा दिवस खपून ते केलं. एक केस गळू दिला नाही. घेऊन गेले तर अंगणाबाहेर दगडावर ठेवायला लावलं. बुवांनी वरून पाणी शिंपडलं, मंत्र म्हटला, काठीनं उचलून आत नेलं. पैसे दगडावर टाकले. आणि पुढं जन्मभर त्याच्यावर बसून संध्या केली. आज्जा हसून सांगायचा, "माझ्या हातावर बसला की रं तो रोज! त्याला काय ठावं?" आज्जा हसायचा. आज्जी हसायची नाही.

आता दुसरी बाजू. आपण बौद्ध. मग तथागताच्या धम्मात ह्या कामाचं काय? मी पालीचा पंडित नाही, पण भाषांतरं वाचली आहेत. मज्झिम निकायात ककचूपम सुत्त आहे. त्यात भगवान बुद्ध भिक्खूंना सांगतात की कोणी कितीही वाईट बोललं तरी मन मैत्रीनं भरलेलं ठेवा, आणि त्या मनाला उपमा देतात मांजराच्या कातड्याच्या पिशवीची. चांगली मळलेली, मऊ, रेशमासारखी झालेली, काठीनं-दगडानं मारलं तरी खडखड न वाजणारी पिशवी. दोस्तहो, हे ज्यानं कातडं कमावताना पाहिलं नाही त्याला सुचणार नाही. कच्चं, नीट न खरडलेलं कातडं वाळलं की कडकड वाजतं. मांस-पडदा पूर्ण निघाला आणि कातडं तासन् तास चोळलं-मळलं तरच ते गप्प होतं. मैत्रीचं मन कसं, तर चांगल्या कमावलेल्या कातड्यासारखं!

त्याच निकायात नंदकोवाद सुत्त आहे. भिक्खू नंदक भिक्खुणींना शिकवतो. कुशल खाटीक धारदार सुरीनं आतलं मांस न बिघडवता आणि बाहेरचं कातडं न बिघडवता मधले स्नायू-बंध तेवढे कापतो. आतलं मांस म्हणजे आपली सहा इंद्रियं, बाहेरचं कातडं म्हणजे त्यांचे विषय, मधले बंध म्हणजे आसक्ती. आणि ती सुरी? सुरी म्हणजे प्रज्ञा. मनूनं ज्या हत्यारात यश बुडालेलं पाहिलं, धम्मानं त्याच जातीच्या हत्यारात प्रज्ञा पाहिली. शिवाय विनयात कातड्यावर एक सबंध प्रकरण आहे. अवंतीच्या मुलखातल्या भिक्खूंना मेंढी, बोकड आणि हरीण ह्यांच्या कातड्याचं अंथरूण वापरायची परवानगी त्यात आहे, आणि कातड्यासाठी वासरू मारायला लावणाऱ्याचा निषेधही त्यातच आहे. हिंसेवर बोट ठेवलं आहे, कमावणाऱ्याच्या जातीवर नाही.

कोणी म्हणेल, काका, पण वास येतो, घाण असते, म्हणून लोक लांब ठेवत असतील. हे खोटं आहे. जगात बघा. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांत सील आणि कोल्ह्याची कातडी बायका खरडतात, उलू नावाच्या अर्धगोल सुरीनं. वास तिथंही तोच. पण जिचा हात चांगला तिला मान, कारण तिनं कपडे केले नाहीत तर घर गारठून मरेल. आणि इथिओपियात कोन्सो लोकांत बायका आजच्या काळापर्यंत दगडाचं पातं लाकडाच्या मुठीत बसवून कातडं खरडत आल्या. पण तिथं कारागिरांचा गट वेगळा, हलका मानलेला, शेतकऱ्यांशी लग्नव्यवहार नाही. काम एकच. एका ठिकाणी मान आणि दुसऱ्या ठिकाणी अपमान. मग कारण वासात नाही. कारण समाज कसा रचलाय त्यात आहे.

जपानचं तर आपल्यासारखंच. तिथं कातड्याचं काम करणाऱ्यांना 'एता' म्हणायचे, म्हणजे घाणीनं भरलेले. १७७१ साली एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, सुगिता गेनपाकू आणि त्याचे दोस्त डॉक्टर हातात डच पुस्तक घेऊन एका प्रेताची चिरफाड बघायला गेले. चिरफाड केली नव्वद वर्षांच्या एका एता म्हाताऱ्यानं. त्यानं काळीज, यकृत, एकेक अवयव काढून दाखवला. डॉक्टरांनी चित्राशी ताडून पाहिलं. तंतोतंत! १७७४ ला त्यांचं पुस्तक निघालं आणि जपानच्या वैद्यकाचा इतिहास तिथून बदलला. डॉक्टरांची नावं शाळेत शिकवतात. म्हाताऱ्याची ओळख फक्त 'अमक्याचा आज्जा' एवढीच उरली. १८७१ ला कायद्यानं त्यांचा हलकेपणा रद्द झाला, पण समाजानं केला नाही. म्हणून १९२२ ला क्योतोमध्ये त्यांनी सुइहेइशा नावाची आपली संघटना उभी केली. महाडच्या पाचच वर्षं आधी.

आता महाड. मार्च १९२७. पाण्याबरोबर बाबासाहेबांनी आपल्या लोकांना आणखी एक सांगितलं: मेलेली ढोरं ओढू नका, मेलेलं मांस खाऊ नका. गावोगाव महारांनी काम टाकलं. बहिष्कार आले, मारहाण झाली, तरी टाकलं. काही लोकांनी पेपरात हिशोब मांडला की कातडं, हाडं, शिंगं ह्यांचं उत्पन्न बुडतं, तुमचंच नुकसान. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या भाषणात ही आठवण काढली. त्यांचं उत्तर असं की एवढा फायदा आहे तर तुम्हीच हे काम का करत नाही? बिनतोड होतं ते. तिकडं वर्ध्याजवळ नालवाडीला गांधीजींच्या माणसांनी १९३०च्या दशकात चर्मालय काढलं. काम सुधारा, शास्त्रशुद्ध करा, अशी ती वाट. काम सुधारायला माझी हरकत नाही. पण जातीला हात न लावता हत्यार चकचकीत केलं तर आज्ज्याच्या हातात फक्त नवं लोखंड येतं. दगडावर टाकलेले पैसे दगडावरच राहतात. बाबासाहेबांनी हा फरक ओळखला होता. त्यांनी कामाला घाण म्हटलं नाही. जन्मानं कपाळावर मारलेली सक्ती नाकारली.

ती सक्ती अजून मेलेली नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मोटा समढियाळा गावच्या पोरांना मेलेल्या गाईचं कातडं काढलं म्हणून अर्धनग्न करून गाडीला बांधून मारलं. पूर्वी कातडं काढलं नाही म्हणून मारायचे, आता काढलं म्हणून मारतात. दोन्ही वेळेला पाठ आपलीच. मग सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली ढोरं नेऊन कलेक्टर कचेरीपुढं टाकली. तुमची गाय, तुम्ही उचला! १९२७ चं उत्तर २०१६ ला पुन्हा दिलं. त्या मार खाल्लेल्या कुटुंबानं एप्रिल २०१८ मध्ये बौद्ध धम्म घेतला.

आता त्या पोराकडं येतो. त्यानं 'घाण' म्हटलं तेव्हा मला आणखी एक गोष्ट टोचली, ती सांगून टाकतो. गावात महारानं सोलायचं, ढोरानं कमवायचं, चांभारानं शिवायचं आणि मांगानं त्याच कातड्याची हलगी वाजवायची. एका कातड्याला चार हात. पण चौघं एका ताटात जेवत नव्हते. माझा आज्जा महाराच्या हातचं पाणी पीत नव्हता आणि चांभार माझ्या आज्ज्याच्या हातचं. प्रत्येकाच्या पायाखाली एक माणूस होता, म्हणून वरच्याचा पाय कोणाला जड वाटला नाही. बाबासाहेब ह्यालाच श्रेणीबद्ध विषमता म्हणत. आज आपण सगळे जय भीम म्हणतो. पण एखाद्याच्या बापाचं हत्यार बघून नाक वर जातं तेव्हा ती जुनी शिडी आपल्याच नाकातून डोकं वर काढते. काम सोडणं सोपं नव्हतं, ते आपल्या आज्ज्यांनी केलं. नाकातली शिडी काढणं आपल्याकडं राहिलंय.

कोणी गैरसमज करून घेऊ नका. मी पोरांना परत कुंडावर बसा म्हणत नाही. माझा पोरगा कचेरीत बसतो, नातू शाळेत जातो, आणि ह्या लोखंडाला त्यांचा हात लागू नये म्हणूनच आज्ज्यानं बापाला शाळेत घातलं. कुंड बुजलं त्या दिवशी आज्जीनं पुरण घातलं होतं. पण कुंड बुजवलं म्हणून ज्ञान बुजवायचं का? कुठलं पातं बोथट ठेवायचं, बोकडाच्या काखेत हाड का वापरायचं, तुरटी कधी पुरी झाली हे बोटाला कसं कळतं, ही माहिती म्हाताऱ्या माणसांबरोबर जळते आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. चपलेचं नाव जगात झालं. पण तळाचं कातडं खरडणाऱ्याच्या हत्यारांची यादी कुठल्या म्युझियममध्ये आहे? तलवारी आहेत, चिलखतं आहेत, अडकित्ते आहेत. त्या तलवारींची म्यानं आणि घोड्यांची खोगिरं आमच्याच लोखंडाखालून गेली.

म्हणून कार्यकर्त्यांना एक काम सांगतो. निवडणुकीच्या याद्या करता तशी एक यादी करा. आपापल्या वस्तीत सत्तरीच्या पुढचे जेवढे ढोर, चांभार, महार, मांग आज्जा-आज्जी आहेत त्यांच्याकडं वही घेऊन जा. हत्यार कोणतं, कशापासून बनवलं, त्याला घरात काय नाव होतं, ते धरायचं कसं, सगळं त्यांच्याच शब्दांत उतरवा. शब्द सुधारू नका. आणि कोणाकडून ते काम मारून करून घेतलं, पैसे कुठून टाकले, तेही त्याच पानावर लिहा. नुसतं हत्यार लिहिलं तर ते शोभेचं होईल. नुसता अपमान लिहिला तर आपला आज्जा फक्त मार खाणारा दिसेल, त्याच्या हातातली अक्कल दिसणार नाही. दोन्ही एका पानावर आलं तरच तो इतिहास.

पुढच्या चौदा एप्रिलला मी ते लोखंड पुन्हा वाचनालयात घेऊन जाणार आहे. शेजारी आज्जीची बरगडी ठेवणार आहे. त्या पोराला निरोप पाठवलाय की खाली चिठ्ठी तू लिही, तुझं अक्षर चांगलं आहे. तो येईल असं वाटतं. पोरगं वाईट नाही.

जय भीम.